‘एक्स्पॅट’ म्हणजे नेमके कोण? ‘पात्रिया’बाहेर पडलेल्या माणसाच्या शब्दाविषयी

काही वर्षांपूर्वी एका कर्मचारी-नियमावलीचा मराठी अनुवाद माझ्याकडे आला होता. दोन-तीन वर्षांसाठी परदेशातील शाखेत पाठवल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना मूळ मजकुरात ‘एक्स्पॅट्रिएट’ म्हटले होते. कोशात ‘देशत्याग केलेला’ असा अर्थ आधी दिसल्यामुळे मी फारसा विचार न करता सर्वत्र ‘देशत्यागी कर्मचारी’ असे लिहून दिले. नियमावली वापरात आल्यावर बारा वर्षे परदेशात राहणाऱ्या एका बाईंनी मला पत्र पाठवले. पत्रात तक्रारीचा सूर नव्हता, पण त्यातले एक वाक्य मी आजतागायत विसरलेले नाही. त्यांनी लिहिले होते, “मी देश सोडून आले आहे, टाकून आलेले नाही.” सोडणे आणि टाकणे यांतला फरक कळण्यासाठी मराठी माणसाला कोश लागत नाही. मला मात्र तो फरक अनुवाद करताना जाणवला नव्हता. तेव्हापासून या शब्दाचा माग काढते आहे. जे हाती लागले ते येथे मांडते आणि जाणकारांनी त्यात भर घालावी अशी विनंती करते.

शब्दाची फोड सरळ आहे. ‘एक्स’ म्हणजे ‘बाहेर’ किंवा ‘मधून’, आणि ‘पात्रिया’ म्हणजे पितृभूमी. ‘पात्रिया’ हे मुळात नाम नव्हते. ‘पातेर’ म्हणजे पिता, त्यावरून ‘पात्रिउस’ म्हणजे पित्याचा, पित्याकडून आलेला. ‘तेर्रा’ म्हणजे भूमी हा लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी शब्द असल्यामुळे ‘तेर्रा पात्रिया’ असे रूप झाले, पुढे ‘तेर्रा’ बोलण्यातून गळून गेले आणि विशेषण एकटेच नाम म्हणून वावरू लागले. हा ‘पातेर’ आपल्याला अनोळखी नाही. संस्कृतमधला ‘पितृ’, ग्रीकमधला ‘पातेर’ आणि इंग्रजीतला ‘फादर’ हे एकाच कुळातले शब्द आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांनी आरंभीचा ‘प’ राखला आणि जर्मानिक भाषांमध्ये त्याचा ‘फ’ झाला, एवढाच भेद. म्हणजे जो शब्द आपण परका समजून वापरतो, त्याच्या पोटात आपलाच ‘पिता’ बसलेला आहे.

मला अधिक महत्त्वाचा वाटला तो ‘एक्स’. लॅटिनमध्ये ‘एक्स’ नंतर येणारे नाम जी विभक्ती घेते ती आपल्या पंचमीचे काम करते, म्हणून ‘एक्स पात्रिया’चा अगदी साधा मराठी अर्थ ‘मायदेशाहून’ असा होईल. ‘हून’ हा प्रत्यय किती कमी सांगतो याचा विचार करावा. माणूस कोठून निघाला एवढेच तो सांगतो. तो स्वतः निघाला की त्याला घालवून दिले, पोटासाठी निघाला की जिवाच्या भीतीने, परत येणार की येणार नाही, यांपैकी कशाचाही त्या प्रत्ययात पत्ता नसतो. ‘एक्स्पॅट्रिएट’ या शब्दाचा सगळा इतिहास म्हणजे ही रिकामी जागा वेगवेगळ्या काळातल्या लोकांनी आपापल्या परीने कशी भरली याचा इतिहास आहे, असे माझे मत झाले आहे.

रोमन लोकांना हा शब्द ठाऊक नव्हता, हेही नोंदवायला हवे. अभिजात लॅटिनमध्ये तो नाही. तो मध्ययुगीन लॅटिनमधला आहे. तेथून फ्रेंचमध्ये ‘एक्स्पात्रिए’ हे क्रियापद आले आणि इंग्रजीने ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उचलले. तेव्हा त्याचा अर्थ होता देशाबाहेर घालवणे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे नाम झाले आणि तेही हद्दपार केलेल्या माणसासाठी. स्वेच्छेने परदेशी राहणारा माणूस हा आजचा अर्थ विसाव्या शतकात रुळला. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये राहणाऱ्या गर्ट्रूड स्टाइन, हेमिंग्वे, फिट्झजेरल्ड आदी अमेरिकन लेखकांना हा शब्द लावला जाऊ लागल्यावर त्यातला शिक्षेचा भाव बराच पुसला गेला. ‘एक्स्पॅट’ हे आखूड रूप त्यानंतरचे. म्हणजे सुमारे दीडशे वर्षांत शब्द कर्मणीचा कर्तरी झाला. आधी ज्याला बाहेर काढले तो, नंतर जो बाहेर पडला तो.

माझे दोन प्रश्न आहेत. मराठीत या शब्दासाठी एकच प्रतिशब्द शोधणे योग्य आहे का? आणि असल्यास तो कोणता?

प्रतिसाद १

लेख आवडला. एका गैरसमजाविषयी लिहितो, कारण तो फार पसरलेला आहे. अनेक जण हा शब्द इंग्रजीत ‘एक्स-पॅट्रिअट’ असा लिहितात आणि त्याचा अर्थ ‘पूर्वी देशभक्त असलेला, आता नसलेला’ असा लावतात. ध्वनी जवळचे असल्यामुळे ही चूक होते. ‘पॅट्रिअट’ हा शब्द ग्रीक ‘पात्रिओतेस’वरून आला. त्याचा मूळ अर्थ देशबांधव एवढाच होता आणि देशप्रेमाचा भाव त्यात फार उशिरा आला. दोन्ही शब्दांचे आजोळ एक असले तरी घरे वेगळी आहेत.

‘माजी’ या अर्थाचा ‘एक्स’ कोठून आला असा प्रश्न पडू शकतो. तोही त्याच ‘बाहेर’मधून आला आहे. कॉन्सल हे राज्यकारभारातले सर्वोच्च पद भोगून बाहेर पडलेल्या माणसाला रोममध्ये ‘एक्स कोन्सुले’ म्हणत, म्हणजे ‘कॉन्सलपदावरून आलेला’. पुढे दोन शब्द जुळून ‘एक्सकोन्सुल’ झाला आणि ‘बाहेर आलेला’चा ‘माजी’ झाला. ‘एक्स्पॅट्रिएट’मधला ‘एक्स’ मात्र जागेचा आहे, काळाचा नाही. परदेशी राहणाऱ्या माणसाची निष्ठा संपली, असा अर्थ त्या शब्दातून काढणे हा व्युत्पत्तीवर अन्याय आहे आणि माणसावरही.

प्रतिसाद २

मी काही वर्षे लॅटिन शिकले आहे. रोमन लोकांना ‘एक्स्पॅट्रिएट’ हा शब्द नव्हता हे धागाकर्तींचे म्हणणे बरोबर आहे, पण त्यांच्याकडे या अनुभवासाठी शब्दांची वाण नव्हती. उलट त्यांनी जे भेद केले ते पाहिले की आपला एकच शब्द अपुरा का पडतो ते कळते.

पहिला शब्द ‘एक्सुल’, म्हणजे देशाबाहेर असलेला, आणि त्या स्थितीला ‘एक्सिलिउम’. सातव्या शतकातील विद्वान इसिदोर याने त्याची फोड ‘स्वतःच्या भूमीबाहेरचा’ अशी केली, कारण लॅटिनमध्ये ‘सोलुम’ म्हणजे जमीन. ही फोड ऐकायला गोड आहे, पण आजचे भाषाशास्त्र ती मानत नाही. विशेष म्हणजे प्रजासत्ताकाच्या काळात ‘एक्सिलिउम’ ही मुळात शिक्षा नव्हती, तो शिक्षेतून सुटण्याचा मार्ग होता. पोलिबिउस या ग्रीक इतिहासकाराने नोंदवले आहे की गंभीर खटला चालू असलेला रोमन नागरिक निकाल पुरा होण्याआधी उघडपणे शहर सोडून जाऊ शकत असे आणि नेआपोलिस, प्राएनेस्ते, तिबुर अशा मित्रनगरांमध्ये त्याला आसरा मिळे. तो गेल्यावर ‘पाणी आणि अग्नी यांची मनाई’ जाहीर होई, म्हणजे त्याला कोणी पाणी देऊ नये आणि चूल पेटवू देऊ नये. वाळीत टाकण्याची कल्पना आपल्याला परकी नसल्यामुळे या शब्दप्रयोगाची धार मराठी वाचकाला चटकन जाणवेल.

पुढे बादशाहीत दोन वेगळ्या शिक्षा झाल्या. ‘देपोर्तात्सिओ’मध्ये नागरिकत्व आणि मालमत्ता दोन्ही जात. ‘रेलेगात्सिओ’मध्ये माणसाला दूर राहावे लागे, पण नागरिकत्व टिके. कवी ओविद याला इ.स. 8 मध्ये सम्राट ऑगस्टसने काळ्या समुद्रावरील तोमिस येथे पाठवले, जेथे आज रोमानियाचे कॉन्स्तान्त्सा शहर आहे. तेथून लिहिलेल्या कवितांमध्ये तो आवर्जून सांगतो की आपण ‘रेलेगातुस’ आहोत, ‘एक्सुल’ नव्हे. आयुष्याच्या अखेरपर्यंत त्याला परत जाता आले नाही, तरीही कोणत्या शब्दाने आपल्याला ओळखले जावे याविषयी तो इतका दक्ष होता. धागाकर्तींना आलेले पत्र वाचताना मला ओविदच आठवला. दोन हजार वर्षांच्या अंतराने दोन माणसे एकच गोष्ट सांगत आहेत की आमच्या दूर असण्याला चुकीचे नाव देऊ नका.

याच्या उलट उदाहरण पुब्लिउस रुतिलिउस रुफुस या रोमन राजकारण्याचे आहे. आशिया या रोमन प्रांतातील, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील, जनतेला लुबाडल्याच्या खोट्या आरोपावरून इ.स.पू. 92 मध्ये त्याला दोषी ठरवले गेले. तो त्याच प्रांतात गेला, जेथे त्याने लोकांना लुबाडले असे म्हटले जात होते, आणि तेथल्या लोकांनी त्याचे सन्मानाने स्वागत केले. तो स्मिर्ना शहराचा नागरिक झाला. पुढे सुल्ला या रोमन सेनानीने त्याला परत बोलावले, तेव्हा त्याने नकार दिला. त्याची हकालपट्टी कोणत्या क्षणी स्वेच्छेची झाली, हे मला सांगता येणार नाही. ‘एक्स्पॅट्रिएट’चा जुना अर्थ आणि नवा अर्थ या एका माणसाच्या आयुष्यात शेजारी शेजारी नांदत होते, एवढे मात्र दिसते.

परक्या माणसासाठीचे शब्दही पाहण्यासारखे आहेत. ‘पेरेग्रिनुस’ म्हणजे शेतशिवाराच्या पलीकडून आलेला, कारण ‘आगेर’ म्हणजे शेत किंवा मुलूख. रोमन कायद्यात तो स्वतंत्र पण नागरिक नसलेला माणूस होता. इ.स. 212 मध्ये सम्राट काराकाल्लाने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिले, तेव्हा हा वर्ग बहुतांशी संपला. शब्द मात्र टिकला आणि फिरत फिरत त्याचा इंग्रजीत ‘पिल्ग्रिम’ म्हणजे यात्रेकरू झाला. दुसरा शब्द ‘होस्तिस’. तो नंतर शत्रूसाठी वापरला गेला, पण पूर्वी तो नुसत्या परक्यासाठी होता असे रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो याने स्वतः लिहिले आहे. पाहुणा आणि यजमान या दोघांसाठीचा ‘होस्पेस’ हा शब्दही त्याच मुळातून फुटला. एकाच बीजाला पाहुणा आणि वैरी अशी दोन्ही फळे लागली. परदेशात पाय ठेवणाऱ्या माणसाने यांपैकी काय व्हायचे, हे त्याच्या एकट्याच्या हाती नसते.

प्रतिसाद ३

मी कायद्याच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे एक सावधगिरीची सूचना करणे मला आवश्यक वाटते. बोलीतला ‘एक्स्पॅट’ आणि कायद्यातले ‘एक्स्पॅट्रिएशन’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेच्या कायद्यात ‘एक्स्पॅट्रिएशन’ म्हणजे परदेशी राहायला जाणे नव्हे, नागरिकत्व सोडणे किंवा गमावणे होय. परदेशात चाळीस वर्षे राहिलेला अमेरिकन नागरिक रोजच्या भाषेत ‘एक्स्पॅट’ असतो, पण त्याने नागरिकत्व सोडले नसेल तर कायद्याच्या भाषेत त्याचे ‘एक्स्पॅट्रिएशन’ झालेलेच नसते. 2008 पासून तेथे लागू असलेला ‘एक्स्पॅट्रिएशन टॅक्स’ हा परदेशी राहण्यावरचा कर आहे असे समजणारे लोक मला भेटले आहेत. तो नागरिकत्व सोडणाऱ्यांना आणि दीर्घकाळ कायम रहिवासी राहून तो दर्जा सोडणाऱ्यांना, त्यातही ठरावीक निकषांत बसणाऱ्यांनाच, लागू होतो. अर्ज किंवा करारनामा यांचा अनुवाद करताना या ठिकाणी गफलत झाली तर ती केवळ शब्दाची राहत नाही.

हा कायदेशीर अर्थ कसा घडला तेही थोडे सांगतो. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात प्रजेची राजनिष्ठा जन्माबरोबर येई आणि मरेपर्यंत सुटत नसे. माणसाने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले तरी इंग्लंडच्या लेखी तो आपलाच राहत असे. 1812 च्या ब्रिटन-अमेरिका युद्धाआधी ब्रिटिश आरमार अमेरिकन जहाजांवरून खलाशी पकडून नेत असे, त्यामागे याच तत्त्वाचा आधार होता. 1866 नंतर अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या काही आयरिश लोकांना ब्रिटनने पकडले आणि ब्रिटिश प्रजा म्हणूनच त्यांच्यावर खटले चालवले, तेव्हा वाद पुन्हा पेटला. 27 जुलै 1868 रोजी अमेरिकन काँग्रेसने ‘एक्स्पॅट्रिएशन अॅक्ट’ मंजूर केला आणि आपले जुने नागरिकत्व सोडणे हा सर्व लोकांचा नैसर्गिक आणि जन्मसिद्ध हक्क असल्याचे जाहीर केले. ब्रिटननेही 1870 च्या कायद्याने आजन्म निष्ठेचे तत्त्व सोडले. जो शब्द शंभर वर्षांपूर्वी हद्दपारीसाठी भाषेत आला होता, तो येथे हक्काचे नाव झाला.

पण तोच शब्द पुढे अन्यायाचेही साधन झाला. 1907 च्या अमेरिकन कायद्याने परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीला पतीचे राष्ट्रीयत्व लागू केले. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या आणि जन्मापासून तेथेच राहिलेल्या एथेल मॅकेन्झी यांनी एका ब्रिटिश नागरिकाशी लग्न केले होते. त्या मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या, तेव्हा त्यांना नकार मिळाला, कारण त्या आता अमेरिकन नागरिक राहिल्या नव्हत्या. 1915 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. 1922 च्या केबल कायद्याने ही तरतूद बऱ्याच अंशी रद्द झाली. धागाकर्ती म्हणतात की ‘एक्स’ म्हणजे ‘बाहेर’. या स्त्रीने देशाबाहेर पाऊलही टाकले नव्हते. ती जेथे होती तेथेच राहिली आणि तिच्या पायांखालून ‘पात्रिया’ काढून घेतली गेली. मला हे प्रकरण वाचताना दरवेळी अस्वस्थ व्हायला होते, म्हणून येथे लिहिले.

प्रतिसाद ४

वरील प्रतिसादानंतर ‘पात्रिया’तल्या पित्याकडे पुन्हा पाहावेसे वाटते. पित्याची ती भूमी, पित्याकडून आलेली मालमत्ता म्हणजे ‘पात्रिमोनिउम’, आणि कुटुंबावरची पित्याची सत्ता म्हणजे ‘पात्रिया पोतेस्तास’. एकाच शब्दकुळात देश, वारसा आणि अधिकार गुंफलेले आहेत. पत्नीने पतीचे राष्ट्रीयत्व घ्यावे हा नियम त्या कुळाच्या स्वभावाला धरूनच होता.

आपल्याकडे याला एक जवळचा दाखला आहे. अरबीत ‘वतन’ म्हणजे राहते ठिकाण, मायभूमी. तोच शब्द मराठीत आला तेव्हा त्याचा अर्थ वंशपरंपरेने चालत आलेला हक्क आणि त्यासोबतची जमीन असा झाला. रोममध्ये पित्याच्या वारशापासून देशाचा शब्द घडला आणि मराठीत देशाच्या शब्दापासून वडिलोपार्जित हक्काचा शब्द घडला. वाट एकच आहे, फक्त चालण्याची दिशा उलटी आहे.

आणि लॅटिनमध्ये हा पित्याचा देश व्याकरणाने स्त्रीलिंगी असल्यामुळे तो पुढे आईच्या रूपात दिसू लागला. स्पॅनिशमध्ये ‘माद्रे पात्रिया’ असा रूढ शब्दप्रयोग आहे, ज्यात आई आणि बाप दोघेही आहेत. मराठीत आपण सहजपणे ‘मायदेश’ म्हणतो. म्हणून ‘एक्स्पॅट्रिएट’चा अनुवाद करताना ‘पितृभूमी’ हा शब्द वापरणे व्युत्पत्तीला धरून असले तरी मराठीच्या कानाला ते जड वाटते. ‘मायदेश’च योग्य.

प्रतिसाद ५

मी संस्कृत शिकवते. धागाकर्ती ज्या शब्दाच्या शोधात आहेत, तो आपल्याकडे होता आणि आपण तो दुसऱ्या कामाला लावला, असे मला वाटते. तो शब्द म्हणजे ‘प्रवासी’.

‘वस्’ म्हणजे राहणे आणि ‘प्र’ उपसर्गामुळे त्याला दूर राहण्याचा अर्थ येतो. संस्कृतमध्ये ‘प्रवास’ म्हणजे घरापासून दूर, परमुलखात राहणे. ‘प्रोषित’ हे त्याच धातूचे रूप, म्हणून पती परदेशी गेलेल्या नायिकेला काव्यशास्त्रात ‘प्रोषितभर्तृका’ म्हणतात. या शब्दाचा भर राहण्यावर होता. मराठीत मात्र तो जाण्यावर गेला आणि ‘प्रवासी’ म्हणजे गाडीत बसलेला माणूस झाला. हिंदीत जुना अर्थ अजून जिवंत आहे, त्यामुळे हिंदीतून अनुवाद करणारे लोक ‘प्रवासी मजूर’ असे मराठीत उतरवतात आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे रेल्वेचा डबा उभा राहतो. मराठीत तेथे ‘स्थलांतरित मजूर’च हवे.

त्याच ‘वस्’ धातूला ‘निर्’ लागला की ‘निर्वासन’ होते, म्हणजे वसतीतून बाहेर काढणे. ‘एक्स्पॅट्रिएट’च्या आरंभीच्या अर्थाला हा अगदी चपखल शब्द आहे. पण आज मराठीत ‘निर्वासित’ म्हटले की युद्ध, छळ किंवा आपत्ती यांमुळे घरदार गमावलेला माणूस समजला जातो. पगारवाढ घेऊन परदेशी गेलेल्या अधिकाऱ्याला तो शब्द लावणे त्या अधिकाऱ्यापेक्षा खऱ्या निर्वासितावर जास्त अन्याय करणारे होईल.

फारसीतून आलेला ‘परागंदा’ हा शब्दही आठवतो. त्याचा मूळ अर्थ विखुरलेला. मराठीत परागंदा होणारा माणूस बहुधा संकटातून किंवा कर्जातून पळून गेलेला असतो. ‘हद्दपार’मध्ये कोणीतरी हद्द आखणारा आहे. ‘देशोधडीला लागणे’ यात तर माणसाचे सर्वस्वच जाते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की घराबाहेर पडण्याचे आपले जुने आणि ठसठशीत शब्द जवळजवळ सगळे दुःखाचे आहेत. सुखाने, आपल्या मर्जीने परमुलखी राहणाऱ्या माणसासाठी मराठीला वेगळा शब्द घडवण्याची गरज फारशी पडली नव्हती, आणि ‘देशत्यागी’सारखा शब्द हाताशी येतो तो त्यामुळेच.

प्रतिसाद ६

मी पंधरा वर्षांपासून परदेशात राहतो आणि या शब्दाच्या वापराकडे आतून पाहतो, म्हणून थोडे लिहितो. व्युत्पत्तीत कोठेही नसलेला एक भेद व्यवहारात फार ठळक आहे. एकाच इमारतीत काम करणाऱ्या दोन परदेशी माणसांपैकी कंपनीने पाठवलेल्या व्यवस्थापकाला ‘एक्स्पॅट’ म्हटले जाते आणि स्वतःच्या बळावर आलेल्या सफाई कामगाराला ‘मायग्रंट’ किंवा ‘इमिग्रंट’. यावर दिले जाणारे उत्तर असे की ‘एक्स्पॅट’ ठरावीक मुदतीसाठी येतो आणि ‘इमिग्रंट’ कायमचा राहायला येतो. हा निकष प्रामाणिकपणे लावला जात असता तर माझी काही हरकत नव्हती. पण तीन वर्षांच्या करारावर आलेला बांधकाम मजूर परत जाणार हे निश्चित असूनही त्याला कोणी ‘एक्स्पॅट’ म्हणत नाही, आणि निवृत्तीनंतर समुद्रकाठी घर घेऊन अखेरपर्यंत तेथेच राहणाऱ्या श्रीमंत परदेशी जोडप्याला कोणी ‘इमिग्रंट’ म्हणत नाही.

लॅटिनकडे पाहिले तर ‘इमिग्रारे’ म्हणजे आत राहायला येणे, ‘एमिग्रारे’ म्हणजे बाहेर राहायला जाणे आणि ‘एक्स्पॅट्रिएट’ म्हणजे मायदेशाबाहेर असलेला. हे तिन्ही शब्द एकाच माणसाला एकाच वेळी लागू पडतात. फरक पाहणारा कोठे उभा आहे याचा आहे. श्रीमंती, कातडीचा रंग किंवा पासपोर्ट यांची फोड त्या शब्दांत कोठेच सापडत नाही. ती आपण आणून घातली आहे. मराठीत प्रतिशब्द ठरवताना निदान ही उतरंड सोबत येऊ नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रतिसाद ७ (धागाकर्तीकडून)

सर्वांची मनापासून आभारी आहे. या चर्चेमुळे माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. एकच प्रतिशब्द शोधणे चूक आहे, कारण मूळ भाषेतही हा एक शब्द राहिलेला नाही. नागरिकत्व सोडण्याच्या अर्थाने तो आला तर मी ‘नागरिकत्वत्याग’ असे स्पष्ट लिहीन. ते गमावले असेल तेथे ‘नागरिकत्व गमावणे’ असे लिहीन, म्हणजे एथेल मॅकेन्झींसारख्या प्रकरणात त्याग कोणी केला असा गोंधळ होणार नाही. जुन्या मजकुरातील शिक्षेच्या अर्थासाठी ‘हद्दपार’ पुरेसा आहे. आणि परदेशी राहणाऱ्या माणसासाठी, मग तो व्यवस्थापक असो वा मजूर, ‘परदेशस्थ’ हा शब्द मला पटतो. ‘स्थ’ म्हणजे राहिलेला, उभा असलेला. लॅटिन शब्द माणूस कोठून बाहेर पडला ते सांगतो आणि मराठी शब्द तो कोठे आहे ते सांगतो. कारण दोन्ही सांगत नाहीत, आणि ते बरेच आहे.

‘परदेशस्थ’ला एक मर्यादा आहे हे मान्य करते. तो शब्द मागे राहिलेल्यांच्या बाजूने बोलतो. ज्या देशात तो माणूस राहतो तेथल्या लोकांसाठी तो परदेशस्थ नसून परदेशी असतो. त्यामुळे यजमान देशाच्या बाजूने लिहिलेल्या मजकुरात ‘परदेशातून आलेले रहिवासी’ अशी दोन-तीन शब्दांची रचना करावी लागेल. शब्द वाढले तरी चालतील.

प्रतिसाद ८

उशिरा आलो आहे, पण एक शंका आहे. बाहेर पडण्याबद्दल इतके बोलणे झाले, परतण्याचे काय? ‘रिपॅट्रिएशन’साठी काय म्हणावे? आणि परदेशातच जन्मलेल्या मुलांचे काय? माझी मुलगी परदेशात जन्मली. आम्ही मायदेशी आलो तेव्हा कार्यालयातील कागदावर तिच्याही नावापुढे ‘रिपॅट्रिएटेड’ असेच लिहिले होते. जी कधी गेलीच नव्हती ती परत कशी आली?

प्रतिसाद ९

प्रतिसाद २ माझाच होता. यातील लॅटिनचा भाग सांगते.

‘रेपात्रियारे’ हा उत्तरकालीन लॅटिनमधला शब्द आहे, अर्थ मायदेशी परतणे. जुन्या फ्रेंचमध्ये झिजून त्याचा ‘रेपेरे’ झाला आणि इंग्रजीत तो ‘रिपेअर’ झाला. दुरुस्तीचा ‘रिपेअर’ वेगळा. एखाद्या ठिकाणी जाणे या अर्थाचा जो जुना ‘रिपेअर’ आहे, तो हा. फ्रेंचमध्ये त्याच मुळाचा ‘रपेर’ म्हणजे प्राण्याची गुहा, जेथे तो दिवस संपल्यावर परत येतो. ‘मायदेशी परतणे’ हा साधा मराठी शब्दप्रयोग मला ‘प्रत्यावर्तन’पेक्षा कितीतरी जवळचा वाटतो.

मुलांविषयी. लॅटिन शब्दाच्या अक्षरशः अर्थाने पाहिले तर पित्याचा देश ही मुलीची ‘पात्रिया’ ठरते, मग ती कोठेही जन्मलेली असो. त्या कागदाने नकळत तोच जुना अर्थ धरला आहे. पण रोमन लोकांनाही हा अर्थ पुरला नव्हता. सिसेरोचा जन्म इ.स.पू. 106 मध्ये आर्पिनुम या गावी झाला. रोम शहरात तो मोठा झाला, कॉन्सल झाला, त्याला ‘देशाचा पिता’ म्हटले गेले आणि त्याच शहराने त्याला इ.स.पू. 58 मध्ये बाहेर काढून पुढच्या वर्षी परतही घेतले. बाहेरगावातून आलेल्या प्रत्येकाच्या दोन ‘पात्रिया’ असतात, एक जन्माची आणि एक नागरिकत्वाची, असे त्याने लिहून ठेवले आहे, आणि हे लिहिताना तो स्वतःला आर्पिनुममध्ये असल्याचे दाखवतो. आपल्या मुलीच्या बाबतीत या दोन्हींचा क्रम उलटा लागला आहे. तिची जन्माची ‘पात्रिया’ ती सोडून आली आणि कागदावरची ‘पात्रिया’ ती आता पहिल्यांदा पाहते आहे. म्हणजे शब्दाला धरूनच बोलायचे तर ती ‘रिपॅट्रिएट’ झालेली नाही. आपल्या घरातली ‘एक्स्पॅट’ आता ती आहे.

प्रतिसाद १० (प्रतिसाद ८ लिहिणाऱ्याकडून)

हे मी तिला वाचून दाखवले. तिने विचारले की तिच्या पहिल्या गावाला मराठीत काय म्हणायचे. मी ‘जन्मगाव’ म्हणालो. तिला तो शब्द पटला.